मॉरिशसला गोल्फ: कोणतं मैदान घ्यावं?

प्रश्न: रिटायर झालोय, भुसावळला असतो. पुण्याला मुलाकडे राहून गोल्फ शिकलो, खेळ अजून कच्चाच. फॅमिलीसोबत मॉरिशस किंवा श्रीलंका ठरतंय, मजा येईल असं मैदान कोणतं?

उत्तर: भाऊ, मॉरिशसच्या ईल ओ सेर्फ बेटावरचं मैदान फोटोत पाहून लगेच बुक करू नका, जर्मन गोल्फपटू बर्नहार्ड लँगरने आखलेलं 18 होलचं आहे, बोटीने जावं लागतं, दिसतं एक नंबर पण चेंडू जरा वाकडा गेला की थेट पाण्यात नाहीतर झाडीत, नवख्याची पिशवी अर्ध्यातच रिकामी! जायचंच तर जास्तीचे चेंडू न्या, पुढच्या टीवरून (होलचा पहिला फटका मारायची जागा) मारा, आणि स्कोअर लिहूच नका. जानेवारी ते मार्च तिकडे वादळांचा सीझन, त्यापेक्षा मे ते सप्टेंबर बरं, आपल्याकडे केळीची पानं करपतात तेव्हा तिकडे गार असतं.

मला विचाराल तर तुम्ही कोलंबोच गाठा. रॉयल कोलंबो क्लब 1879 चा, मैदान सपाट, आणि केलानी व्हॅलीची रेल्वेलाइन मधूनच जाते, गाडी आली की खेळ थांबवायचा. भुसावळवाल्याला अजून काय पाहिजे? पाहुण्यांना कोणत्या वारी खेळू देतात ते मात्र आधी मेल करून विचारा, आणि कॉलरचा टीशर्ट न्या.