गाभण घोडी: गाईचा अनुभव कुठे कामाला येतो आणि कुठे नडतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सारंगखेड्याच्या बाजारातून गाभण मारवाडी घोडी आणली, विकणाऱ्यानं आठ महिने सांगितले. घरी गाई-म्हशी आहेत, पण घोडी पहिलीच. ती कधी व्याईल आणि तयारी काय ठेवायची?

बाजारातले आठ महिने म्हणजे सहाही असू शकतात नि दहाही. डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्या. घोडीचे दिवस सरासरी ३४० असले तरी ३२० ते ३६५ यांत कधीही व्याली तरी काळजी नको. 'दिवस उलटले' म्हणून कळांचं इंजेक्शन द्यायला लावू नका. पोटातलं शिंगरू शेवटच्या काही दिवसांतच पक्कं होतं, घाई केली तर कच्चं निघतं आणि जगवणं अवघड जातं.

तारखेपेक्षा कास बघा. व्यायच्या २ ते ४ आठवडे आधी कास भरू लागते. मग शेपटीच्या मुळाजवळचा पुठ्ठा हाताला लिबलिबीत लागतो. शेवटच्या एक-दोन दिवसांत सडांच्या टोकांवर मेणासारखे पिवळट थेंब धरतात, पण सगळ्याच घोड्या मेण धरत नाहीत. दोन थेंब पिळून पीएच पट्टीवर (आम्लता दाखवणाऱ्या कागदी पट्टीवर) घेतले तर जास्त नेमकं कळतं: आकडा ७ च्या आसपास असेपर्यंत निवांत झोपा, ६.४ किंवा खाली आला की रात्री जागा. बहुतेक घोड्या रात्रीच वितात, माणसांची वर्दळ थांबल्यावर. कास महिनाभर आधीच भरली किंवा दूध गळू लागलं तर ते चांगलं लक्षण नाही. जुळं किंवा वारेला (गर्भाला पोसणाऱ्या, व्यायल्यावर पडणाऱ्या पडद्याला) संसर्ग असू शकतो, डॉक्टरांना लगेच कळवा.

आता तयारी. धनुर्वाताची लस व्यायच्या ४ ते ६ आठवडे आधी, म्हणजे तिचं संरक्षण चिकातून शिंगराला मिळतं. जागा किमान १२ बाय १२ फूट, १४ बाय १४ असेल तर उत्तम. खाली भाताचा पेंढा जाड अंथरा. लाकडाचा भुसा नको, तो ओल्या नाकपुड्यांत चिकटतो. बाजारातली घोडी अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढून-मागून दोर, लावून उभी राहायला शिकलेली असते, व्यायच्या दिवसांत मात्र ती पूर्ण मोकळी हवी. बांधलेल्या घोडीला धड लोळता येत नाही, उठता येत नाही आणि शिंगरू दोरीत गुंतून पाय मोडून घेऊ शकतं. आणि गाईंचं तयार पशुखाद्य तिच्या चंदीत मिसळू नका. काही पशुखाद्यांत आणि कोंबडीखाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं. गाईला ते पचतं, घोड्याचं हृदय बंद पाडतं.

कळा सुरू झाल्या की घोडी घामेजते, पोटाकडे बघते, उठबस करते, पोटशूळच वाटावा असं. मधूनच गवतही खाते. हे एक ते चार तास चालू शकतं आणि गर्दी दिसली तर ती व्यायचं लांबवते. शेपटीला पट्टी गुंडाळा, मागचा भाग आणि कास कोमट पाण्यानं धुवा आणि दूर जाऊन बसा.

पाणमोट फुटली की मात्र घड्याळ बघा. गाय तासन् तास घेते, घोडीचं काम २० ते ३० मिनिटांत उरकतं. पाच मिनिटांत निळसर पांढरी पिशवी दिसली पाहिजे. तिच्यात पुढचे दोन पाय, तळवे खाली, एक पाय दुसऱ्याच्या वीतभर पुढे, आणि पायांवर टेकलेलं नाक. हे दिसलं की हात लावू नका. तळवे वर दिसले, एकच पाय दिसला किंवा दहा मिनिटांत काम पुढे सरकलं नाही तर डॉक्टरांना फोन आणि ते येईपर्यंत घोडीला उठवून चालवत ठेवा, म्हणजे कळांचा जोर ओसरतो. ओढायची वेळ आलीच तर फक्त कळेबरोबर आणि खाली, घोडीच्या मागच्या गुडघ्यांच्या दिशेनं. चार जणांनी दोर लावून ओढणं घोडीला कायमचं निकामी करतं.

एका प्रसंगात डॉक्टरांची वाट बघायची नाही. पांढऱ्या पिशवीऐवजी लाल, मखमलीसारखी पिशवी बाहेर आली तर वार आधीच सुटली आहे आणि शिंगराची हवा संपत आली आहे. कात्रीनं ती लगेच फाडा, आतली पांढरी पिशवीही फाडा आणि कळेबरोबर शिंगरू बाहेर घ्या. म्हणून कात्री आधीपासून खिशात ठेवा.

शिंगरू बाहेर आलं की नाकावरची पिशवी बाजूला करा, बस. दोघं काही वेळ पडूनच राहतात, राहू द्या. घोडी उठली की नाळ आपोआप तुटते. गाईसारखी दोऱ्यानं बांधून कापायची नाही, रक्त वाहत राहिलं तरच बांधायची. नाळेच्या टोकाला अर्ध्या टक्क्याचं क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक लावा. २ टक्क्यांचं मिळालं तर त्याच्या एका भागात तीन भाग उकळून गार केलेलं पाणी. दिवसातून दोन-तीनदा, दोन-तीन दिवस.

पुढचा हिशेब सोपा: एका तासात शिंगरू उभं, दोन तासांत प्यायलं, तीन तासांत वार पडली. यांपैकी काहीही चुकलं तर फोन.

वार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही ही गोठ्यातली समजूत इथे तर जीवच घेते. शिंगरू रोगप्रतिकारशक्ती न घेताच जन्मतं आणि चिकातलं संरक्षण शोषून घेणारं त्याचं आतडं पहिल्या सहा-आठ तासांत सर्वांत चांगलं काम करतं, दिवसभरात बंद होतं. पहिल्या सहा तासांत लिटरभर तरी चीक पोटात गेला पाहिजे. चिकाचा दर्जा बघायला ऊसवाल्या शेजाऱ्याचं ब्रिक्स मीटर (रसाची गोडी मोजायचं यंत्र) मागून आणा, दोन थेंब पुरतात. रीडिंग २३ किंवा वर असेल तर निर्धास्त, २० च्या बरंच खाली असेल तर डॉक्टरांना सांगा. दुसऱ्या दिवशी शिंगराच्या रक्तातलं आयजीजी (चिकातून मिळालेलं रोगप्रतिकारक प्रथिन) तपासून घेता आलं तर सोन्याहून पिवळं: ८०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर हवं.

लोंबणारी वार ओढू नका, तिला वीट-दगड बांधू नका. तिचीच गाठ मारून ती घोडीच्या मागच्या गुडघ्यांच्या वर ठेवा, म्हणजे तिच्यावर पाय पडत नाही. तीन तासांनंतरही आत राहिली तर ऑक्सिटोसिन (गर्भाशय आवळणारं औषध) लागतं. म्हशीची वार दुसऱ्या दिवसापर्यंत चालते म्हणून इथे थांबलात तर विष अंगात भिनतं आणि घोडीचे पाय धरतात. लॅमिनायटिस (खुरांच्या आतली सूज) झालेली घोडी कित्येकदा पुन्हा नीट चालतच नाही. पडलेली वार कुत्र्यांपासून वाचवून झाकणाच्या बादलीत ठेवा आणि डॉक्टरांसमोर जमिनीवर पसरून बघा. शिंगरू निघालं तेवढंच भोक हवं. तुकडा राहतो तो बहुधा गर्भाशयाच्या बारीक शिंगाच्या (फाट्याच्या) टोकाचा.

पहिली काळी, चिकट लीद १२ तासांत पडली पाहिजे. शिंगरू शेपटी वर करून नुसतंच कुंथत असेल तर एनिमा लागतो. फॉस्फेटचा तयार एनिमा एकदाच द्या, नाही भागलं तर डॉक्टर.

रोज सकाळी शिंगराच्या कपाळाकडे आणि घोडीच्या कासेकडे एकत्र बघा. कपाळावर दूध वाळलेलं, कास तट्ट फुगून गळतेय, तर शिंगरू कासेखाली नुसतं उभं राहतंय, पीत नाहीये. लोकांना वाटतं दूध भरपूर आहे. खरं तर शिंगरू आजारी पडत असल्याची ती पहिली खूण असते आणि तिच्यानंतर हातात काही तासच असतात.

घोडी सातव्या ते दहाव्या दिवशी माजावर येईल आणि त्याच सुमारास शिंगरू पातळ हगेल. तरतरीत असेल आणि पीत असेल तर औषध नको, शेपटीखाली धुऊन व्हॅसलीन लावा. त्या पहिल्या माजाला घोडी दाखवायची घाई करू नका, विशेषतः वार उशिरा पडली असेल किंवा व्यायला त्रास झाला असेल तर. पुढचा माज सुमारे तीन आठवड्यांनी येतोच.