अमेरिकेतल्या सरकारी हायस्कुलात हुशार, कच्ची, नवखी मुलं एकत्र कशी शिकतात?

एकत्र म्हणजे एका छपराखाली. एका वर्गात नव्हे. आपल्याकडे दहावीनंतर सायन्स, कॉमर्स, आयटीआय अशा वाटा फुटतात. तिथे सहसा नववी ते बारावी शाळा एकच, वेळापत्रक मात्र ज्याचं त्याचं. सकाळी एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचं, कॅल्क्युलस करणारा मुलगा दुपारी वर्कशॉपमध्ये इंजिन खोलून बसलेला दिसू शकतो.

इंग्रजी न येणाऱ्यांना मदत द्यावीच लागते. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली तसा निकाल दिला. अपंग मुलांसाठी १९७५ चा कायदा आहे: प्रत्येकाचा आयईपी हा शिकण्याचा लेखी आराखडा होतो आणि तो ठरवायच्या बैठकीत आईवडीलही बसतात. नव्याने गेलेले आपले पालक तिथे मान डोलावून येतात. तसं करू नका, बिनधास्त प्रश्न विचारा.

खरी गोम पैशात आहे. शिक्षण फुकट, पण शाळा बहुतेक ठिकाणी पत्त्यावरून मिळते आणि तिच्या खर्चाचा मोठा वाटा स्थानिक घरपट्टीतून येतो. त्यामुळे महागड्या वस्तीतल्या शाळेत एपीचे ढीगभर विषय, तर दुसरीकडे मोजकेच. घर भाड्याने घेण्याआधी त्या शाळेची विषययादी वाचाच.