आधी लागण, मग खोडवा

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका शिक्षिकेनं विचारलंय: "आठवीच्या मुलांसाठी करोनाविषाणूंवर दोन पानं लिहितेय. विषाणू प्राण्यातून माणसात येतो, त्या घटनेला 'आंतरप्रजातीय संक्रमण' आणि 'प्रजाती-उडी' असे शब्द मिळाले. मुलं हसतील. साधा शब्द आहे का? आणि प्राणिजन्य की प्राणीजन्य?"

दुसरं आधी. मूळ शब्द प्राणिन्. सुटा लिहिताना 'प्राणी', समासात ऱ्हस्व: प्राणिजन्य, प्राणिसंग्रहालय. पण हा शब्द नुसतं मूळ सांगतो. म्हशीचं दूधही प्राणिजन्यच की! माणसात येण्याची घटना त्यात नाही.

त्या घटनेला माझं मत 'लागण'. जुलै २०२० मध्ये शिरोळच्या मामांना फोन केला होता. त्यांच्या गावात रुग्ण निघाले होते, म्हणून घाबरत विचारलं, "मामा, तुमच्याकडं लागण झाली का?" मामा म्हणाले, "झाली की! दीड एकर. वड्याकडंचं तेवढं ऱ्हायलंय." आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावायच्या उसाचे दिवस, त्यांचं तरी काय चुकलं?

तेव्हापासून वाटतं, हा शब्द आपल्या भागात दुप्पट कामाचा आहे. ऊस एकदा लावायचा ती लागण, त्याला बेणं, म्हणजे लावायच्या कांड्या, बाहेरून आणावं लागतं. तोडणीनंतर त्याच बुडख्यातून पुन्हा फुटतो तो खोडवा, त्याला नवं बेणं नको. प्राण्यातून माणसात आला ती लागण, पुढं माणसातून माणसात वाढत गेला तो खोडवा. करोनाविषाणूंचा सगळा प्रश्न या दोन शब्दांच्या मधे आहे.

मर्स हा करोनाविषाणूचा आजार बघा. २०१२ साली सौदी अरेबियात ओळखला गेला, येतो पाठीवर एकच उंचवटा असलेल्या उंटातून. तिथं लागण पुनःपुन्हा होते, पण खोडवा धरत नाही. २०१५ मध्ये दक्षिण कोरियात एका प्रवाशापासून मुख्यतः दवाखान्यांतून १८० हून जास्त जणांना झाला, तोही पुढं वाळून गेला. सार्स या दुसऱ्या करोनाविषाणूच्या आजाराचा खोडवा मात्र फुटला. नोव्हेंबर २००२ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात सुरुवात, ८००० च्या वर रुग्ण, ७७४ मृत्यू. बाजारातल्या उदमांजरांत तो विषाणू सापडला, मूळ घराणं मात्र वटवाघळांचं. रुग्ण वेगळे काढून काढून जुलै २००३ पर्यंत तो थांबवला. २०१९ च्या डिसेंबरात वुहानमध्ये दिसलेल्या विषाणूचे जवळचे नातेवाईकही वटवाघळांतच आहेत. मधे कुठला प्राणी होता, बेणं नेमकं कुठल्या वाटेनं आलं, यावर शास्त्रज्ञांचा वाद मिटलेला नाही. खोडवा कसा माजला ते आपण पाहिलंच. आणि ओसी४३ नावाचा एक करोनाविषाणू आहे, साध्या सर्दीचा. त्याचं जवळचं नातं गुरांच्या करोनाविषाणूशी आहे. म्हणजे गोठ्याकडून झालेली कधीकाळची लागण, आणि तिचा खोडवा आपण दर हिवाळ्यात शिंकतोय.

'उडी' मी टाळतो. उडी मारणाऱ्याला पलीकडं जायचं असतं; विषाणूला कसली आलीय इच्छा? 'संसर्ग' चांगला शब्द, पण त्याचा अर्थ संपर्क, सहवास. तो दोन्हीकडं चालतो, म्हणून इथं फरक दाखवायला उपयोगी नाही.

एक अडचण आहे. 'करोनाची लागण' आपण माणसाकडून माणसाला झाली तरी म्हणतोच. तेव्हा पहिल्यांदा 'प्राण्यातून लागण' असं पुरतं लिहा, पुढं नुसतं 'लागण' चालेल. माणसांतल्या वाढीला पुस्तकात 'फैलाव' लिहा; 'खोडवा' वर्गात तोंडी सांगा, शहरातल्या पोरांना आधी ऊस समजावून.

आणि एखादं शेतकऱ्याचं पोर उठून म्हणेलच, "बाई, ८६०३२ जातीचा ऊस लावला तर खोडवा पण ८६०३२ च येतोय. करोना तर बदलत गेला." त्याला शाबासकी द्या. विषाणू स्वतःच्या नकला काढताना चुका करतो, त्यातल्या काही टिकतात. तिथं ऊस कामाचा नाही, दुसरं उदाहरण शोधावं लागेल.