दुखले ८ दिवस, बुडाले ३९

मी समुपदेशक, आणि गेली काही वर्षं एक प्रश्न माझ्याकडे सारखा येतोय. येतो तोसुद्धा कधी थेट नाही, आधी झोप, मग ऑफिस, मग घरचे, आणि अगदी उठता उठता "मॅडम अजून एक होतं, तसं किरकोळच आहे" असं करत. किरकोळ काय तर पाळीत ओटीपोटात अशा कळा येतात की उभं राहवत नाही, त्यामुळे दर महिन्याला व्यायाम बंद पडतो, एकदा पडला की लवकर सुरू होत नाही, आणि मग स्वतःचाच राग राग येतो. कुणी जिमला जाणारी असते, कुणी पळणारी, कुणी घरीच चटई टाकून करणारी. शेवटचं वाक्य मात्र सगळ्यांचं तेच, "माझ्यात सातत्यच नाहीये."

त्यातल्या एकीची गोष्ट सांगते. तिची परवानगी घेतलीय, ओळखीच्या खुणा बदलल्यात, आणि सहा सेशन्स चार संवादांत कोंबलीत, तेव्हा सगळं इतकं झटपट झालं असं समजू नका.

वय २८. पहिल्याच दिवशी म्हणाली, "तुम्ही मला शिस्त लावून द्या."

"मी पीटीची बाई नाहीये गं," मी म्हटलं. ती हसली, मला बरं वाटलं, कारण तोपर्यंत ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती, कधीही उठून जाईल अशी.

रोज सकाळी ४५ मिनिटं व्यायाम, हा तिचा नियम. रोज म्हणजे रोजच. मोबाइलमधल्या अ‍ॅपवर स्ट्रीक, म्हणजे न चुकवलेल्या सलग दिवसांची मोजणी, आणि शिवाय एका छोट्या डायरीत टिकमार्क, कारण अ‍ॅपवर तिचा पूर्ण विश्वास नाही (माझाही नाही). पाळीच्या पहिल्या दिवशी पोटात गोळा येतो, कंबर धरते, मांडीपर्यंत चमका जातात, कधी मळमळतं. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर उतार पडतो. ट्रेनर म्हणतो हालचाल केली की आपोआप जातं, आई म्हणते त्या दिवसांत अंगाला ताण देऊ नकोस, गप पडून राहा. ही बिचारी ट्रेनरचं ऐकून स्क्वॉट्स करायला जाते, मधेच पोट धरून खाली बसते, आणि मग आईचं ऐकून झोपते. दोघांचंही ऐकून दोघांकडूनही बोलणी.

पुढे जाण्याआधी मी तिला डॉक्टरकडे पाठवलं. हा माझा नियम आहे आणि त्यात मी सूट देत नाही. दुखणं मनाचं आहे असं गृहीत धरणारा समुपदेशक धोकादायक असतो. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) प्रजननवयातल्या साधारण १० टक्के बायकांना असतो आणि "पाळीत दुखतंच गं" या एका वाक्याखाली तो वर्षानुवर्षं झाकलेला राहतो. त्यामुळे कळा दर महिन्याला वाढत चालल्या असतील, पाळी नसतानाही दुखत असेल, शौचाला किंवा संबंधाच्या वेळी दुखत असेल, तासातासाला पॅड बदलावं लागत असेल, गोळीनंही फरक पडत नसेल, तर व्यायामाचा प्रश्न नंतर, आधी स्त्रीरोगतज्ज्ञ. हिची तपासणी झाली, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. पाळी येतानाच सुरू होणारं आणि दोनतीन दिवसांत थांबणारं, नेहमीच्या प्रकारचं दुखणं.

दुसऱ्या सेशनला मी एक चूक केली. तिला सगळं विज्ञान समजावत बसले. पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सुटतात, त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू आवळतो, तो आवळला की त्याचा स्वतःचाच रक्तपुरवठा तेवढ्यापुरता कमी होतो, आणि ती कळ. आयबुप्रोफेन, मेफेनामिक अ‍ॅसिडसारख्या गोळ्या ही रसायनं तयार होणंच कमी करतात, म्हणून कळा असह्य व्हायची वाट बघत बसण्यापेक्षा सुरुवातीलाच, पोटात काहीतरी असताना, डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात गोळी घेतली तर ती जास्त लागू पडते (अल्सर, किडनीचा त्रास, दमा असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये). गरम पाण्याच्या पिशवीला आपण उगाच आजीचा उपाय म्हणून हसतो, पण २००१ साली ओटीपोटावर लावायच्या गरम पट्टीची आयबुप्रोफेनशी तुलना झाली होती आणि पट्टी त्यात अजिबात मागे पडली नव्हती. हे सगळं सांगून मी मनातल्या मनात स्वतःवर खूश. ती मान डोलावत होती, एकदोनदा लिहूनही घेतलं.

पुढच्या वेळी आली ती तोंड पाडून. पाळी येऊन गेली होती. गोळी वेळेवर घेतली, पिशवी घेतली, कळा खरंच कमी होत्या. आणि व्यायाम? "बंद पडला."

"दुखणं कमी होतं म्हणालीस ना?"

"हो ना, तेच तर. म्हणजे आता बहाणाही उरला नाही. मी मुळातच आळशी आहे."

माझ्या लक्षात आलं की मी इतके दिवस तिला पहिल्या दिवसाबद्दल विचारत होते. किती दुखतं, कुठे दुखतं, केव्हा दुखतं. चौथ्या दिवसाबद्दल एकदाही विचारलं नव्हतं.

"डायरी आणलीयेस?" पर्समध्येच होती. मी म्हटलं, मला नको, तूच उघड, मागचे चार महिने काढ. जिथे दुखत होतं त्या दिवसांभोवती लाल पेनानं गोल कर. तिनं केले. प्रत्येक महिन्यात दोन, एकूण ८ गोल. मग म्हटलं आता पहिल्या लाल गोलापासून पुढची टिकमार्क येईपर्यंतचे दिवस मोज.

ती बोटानं मोजायला लागली, ओठ हलत होते, लहान मुलं मोजतात तसे. पहिल्या महिन्यात ६. दुसऱ्यात १३. मग ९. मग ११. कोपऱ्यात बेरीज मांडली, ३९, आणि पेन तसंच धरून बसली.

मी गप्प राहिले. हे शिकायला मला बरीच वर्षं लागली, खरं सांगते. अशा वेळी जीभ शिवशिवते, किती छान उदाहरण मिळालंय आता समजावून सांगू या असं होतं, पण आपण बोललो की समोरच्याचं ते आपलं होऊन जातं. पंख्याचा आवाज येत होता फक्त. तिनं पुन्हा पानं मागे उलटली, पुढे उलटली, एकदा मोबाइलमधलं कॅलेंडर काढून पाहिलं.

"मॅडम, हे सगळे सोमवार आहेत."

"काय सोमवार आहेत?"

"मी परत सुरू केलं ना, ते. चारही वेळा सोमवार." आणि मग स्वतःशीच, हळू आवाजात, "पाळी मंगळवारी आली, गुरुवारी मी ठणठणीत होते. आणि मी सोमवारची वाट बघत बसले. तो सोमवार पण चुकला तर त्याच्या पुढच्या सोमवारची."

३९ मधून ८ गेले, उरले ३१. त्या ३१ दिवसांत पोटात कुठेच दुखत नव्हतं.

प्रामाणिकपणे सांगते, सोमवार माझ्या डोक्यातसुद्धा नव्हता. मला फक्त इतकी शंका होती की दुखण्यापेक्षा मोठी खाच नंतर पडतेय. सोमवार तिनं शोधला. पण मोजायला मी लावलं, एवढं श्रेय घेते.

"गुरुवारी सकाळी नेमकं काय म्हणालीस स्वतःला?"

तिला आठवायला वेळ लागला नाही. "की झालं, मोडलं सगळं. आता मधूनच काय सुरू करायचं, नीट पहिल्यापासून करू."

इथे माझं वळण उघडं पडतं, पडू दे. मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विचारांवर वाढलेली, त्यामुळे माणूस काय म्हणाला यापेक्षा त्यातला 'च' मला आधी ऐकू येतो. मराठीत तर तो एका अक्षरात सापडतो. रोज करायला हवं आणि रोज केलंच पाहिजे यात पहिलं वाक्य इच्छा आहे, एखादा दिवस गेला तर हळहळ वाटते आणि दुसऱ्या दिवशी आपण पुन्हा लागतो. दुसऱ्या वाक्यात एक दिवस गेला की आपण नापास, आणि नापास झालेल्यानं नवीन वर्ष सुरू व्हायची वाट बघायची. हिचं नवीन वर्ष सोमवारी सुरू व्हायचं, इतकंच. मी तिला तिचा नियम कागदावर लिहायला लावला आणि त्यातला 'च' खोडायला सांगितला. तिनं खोडला, मग म्हणाली, "पण मग मी ढिली पडेन ना?"

"'च' होता तेव्हा ३९ दिवस पडलीसच की."

यावर ती जी हसली ना, ते माझ्या अजून लक्षात आहे.

आता व्यायामानं पाळीचं दुखणं कमी होतं का, हे सगळ्याच विचारतात. २०१९ सालच्या कोक्रेन आढाव्यात (कोक्रेन ही अनेक अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) असं दिसलं की आठवड्यातून तीन किंवा जास्त वेळा, ४५ ते ६० मिनिटं व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं काहीच न करणाऱ्यांपेक्षा १०० च्या पट्टीवर सुमारे २५ अंकांनी कमी होतं, आणि व्यायाम हलका की जोराचा यानं विशेष बिघडत नव्हतं. पुरावा फार भक्कम नाही हेही त्यांनीच लिहिलंय. पण नीट पाहा, फायदा नियमित व्यायामाचा आहे, कळा येत असताना दात-ओठ खाऊन केलेल्या स्क्वॉट्सचा नाही. म्हणजे माझी ही पोरगी जे ३१ दिवस बुडवत होती, तोच तिच्या दुखण्यावरचा एक उपाय होता. हे तिला सांगितल्यावर तिनं कपाळावर हात मारला.

मग आम्ही एक गोष्ट ठरवली, पाळीतला व्यायाम कळा चालू असताना ठरवायचा नाही. त्या वेळी डोकं एक तर "सगळं करते" म्हणतं नाही तर "सोड सगळं". पाळीच्या आठवडाभर आधी, शांतपणी लिहून ठेवायचं. तिनं लिहिलं ते असं: पहिल्या दिवशी गोळी आणि गरम पिशवी, मग उतार पडला की घरातल्या घरात १० मिनिटं चालणं आणि थोडा वेळ बालासन. दुसऱ्या दिवशी २० मिनिटं चालणं, वजनं नाहीत, पोटावर जोर येणारं काही नाही. तिसऱ्या दिवशी नेहमीच्या निम्मं. चौथ्या दिवशी जो वार असेल तो असेल, पूर्ण. आणि पहिल्या दिवशी १० मिनिटंही झेपली नाहीत, तर पाच मिनिटं चटईवर पाय वर घेऊन श्वास, तेही चालेल.

"पण १० मिनिटांची टिकमार्क करायला मला लाज वाटेल," ती म्हणाली.

"मग टिकमार्क नको करूस. दुसरी खूण काढ."

तिनं त्रिकोण निवडला. का ते मला माहीत नाही, विचारलंही नाही. पण त्रिकोण म्हणजे हजेरी, गैरहजेरी नाही, हे तिनं डायरीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं आणि अ‍ॅपमधली स्ट्रीक बंद करून टाकली, कारण अ‍ॅपला त्रिकोण कळत नाहीत.

सगळ्याच जणी अशा थांबणाऱ्या नसतात, हे जाता जाता सांगायला हवं. उलट्या टोकाच्याही येतात, कळा येवोत की चक्कर, चुकवणार नाही म्हणणाऱ्या. त्यातल्या एकीची पाळीच चार महिने आली नव्हती आणि तिला ते सोयीचं वाटत होतं, "कटकट गेली." व्यायाम खूप आणि खाणं तुटपुंजं झालं की शरीर आधी पाळी बंद करतं, आणि त्याची किंमत पुढे हाडं मोजतात. पाळी तीन महिने आली नाही तर डॉक्टर, यात चर्चा नाही. तिची गोष्ट मोठी आहे, कधीतरी सवडीनं लिहीन. 'च' मात्र तिचाही तोच होता.

परत आपल्या हिच्याकडे. पुढच्या पाळीत दोन त्रिकोण, तिसऱ्या दिवशी अर्धी टिकमार्क (ही खूण तिनंच काढली), चौथ्या दिवशी टिकमार्क. त्याच्या पुढच्या महिन्यात पहिल्या दिवशी काहीच नाही, रिकामा चौकोन, कारण उलट्या झाल्या. मला वाटलं आता गाडी घसरणार. दुसऱ्या दिवशी त्रिकोण होता. माझ्या दृष्टीनं त्या दिवशी माझं काम संपलं, रिकाम्या चौकोनानंतरचा तो त्रिकोण मी अजून इतरांना सांगते. कळा तिच्या पूर्ण गेलेल्या नाहीत. तीन महिन्यांनी विचारलं तर म्हणाली, "आहेत, पण त्यांची भीती नाही वाटत आधीसारखी, आणि बहुतेक थोड्या कमीही आहेत, पण ते मोजायचं राहिलं."

शेवटच्या सेशननंतर काही आठवड्यांनी सकाळी सातला तिचा मेसेज आला. पाळी आली होती आणि नेमका सोमवार होता. खाली एवढंच लिहिलं होतं, "मॅडम, आज सोमवारी त्रिकोण. कसं वाटतंय माहितीये का, कुणाचं तरी नाक कापल्यासारखं."

मी हसण्याचा इमोजी पाठवला आणि गरम पिशवीची आठवण केली.