अजिंठ्याला कडा बघायला जायचं असेल तर

प्रश्न: छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ आणि अजिंठा एका दिवसात होईल का? लेण्यांपेक्षा निसर्ग बघायचाय, पण मराठवाड्यात तसं काही आहे का?

दोन्ही होत नाही. वेरूळ 30 किलोमीटर, अजिंठा 100, आणि रस्ते वेगळे. 260 किलोमीटर गाडीत बसायचं असेल तर खुशाल करा. तेव्हाही वार बघूनच निघा, अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी.

आता दुसऱ्या भागाकडे येतो. आमचे पुण्याचे साडूभाऊ अगदी हेच म्हणतात, ‘मराठवाड्यात काय, नुसते दगड!’ ते आले तेव्हा नऊला आरामात निघाले आणि सिल्लोडला नाश्ता करून बाराच्या सुमारास घाट उतरले. फर्दापूरच्या फाट्यावर गाडी लावली, तिथून सरकारी बसनं चार किलोमीटर लेण्यांपर्यंत. भर उन्हात पायऱ्या चढून अंधारात चित्रं बघितली आणि परत बस पकडली. ज्या कड्यात ती लेणी कोरली आहेत, तो कडा त्यांनी मान वर करून एकदाही बघितला नाही. आणि वर निकाल देऊन मोकळे!

चूक क्रमाची होती. आपण मराठवाड्यातून जातो म्हणजे डोंगराच्या माथ्यावरूनच जातो. अजिंठ्याची रांग गोदावरीकडे हळूहळू उतरते आणि तापीकडे एकदम तुटते. म्हणून अजिंठा गावापर्यंत सपाट शेतं दिसतात, डोंगर कुठे आहे तेच कळत नाही. जळगावकडून येणाऱ्याला मात्र समोर भिंत दिसते. तेव्हा घाट उतरायच्या आधी लेणापूरकडे वळा आणि व्ह्यू पॉइंट गाठा. सहाला निघालात तर साडेआठ-नऊपर्यंत तिथे पोचता. तिथून वाघूर नदीनं घोड्याच्या नालेसारखा कापलेला कडा एका नजरेत दिसतो. उंची साधारण 75 मीटर, आणि त्यात ओळीनं लेणी. 1819 मध्ये शिकारीला आलेल्या इंग्रज अधिकाऱ्याला ती दिसली, तीही समोरच्याच बाजूनं.

ज्याच्या शेतात विहीर खोदली गेली आहे त्याला हा कडा वाचता येतो. वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा सच्छिद्र दगड, मग सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा कातळ, आणि त्याखाली पुन्हा मांजऱ्या. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरले, त्याची ही उतरंड. प्रत्येक थराच्या माथ्यावर वायूचे बुडबुडे अडकून दगड सच्छिद्र झाला, त्या पोकळ्यांत पुढे पांढरी खनिजं भरली. पुढचा थर यायला वेळ लागला तिथे आधीच्याचा माथा कुजून माती झाली आणि वरच्या तापलेल्या लाव्ह्यानं ती भाजली. काही ठिकाणी दोन थरांत गेरूसारखा लाल पट्टा दिसतो तो हाच. विहीर उभी चिरून ठेवावी तसा कडा आहे. याला ‘नुसते दगड’ म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

लेण्यांच्या टोकाला, नालेच्या आतल्या बाजूला, सातकुंड हा धबधबा. कठीण थर टिकतो, खालचा मऊ थर झिजतो, म्हणून पाणी टप्प्याटप्प्यानं उड्या घेतं. पाण्याबरोबर गरगरणारे गोटे तळ घासून रांजणासारखे खळगे करतात. काठ गुळगुळीत असतात आणि वर शेवाळ, त्यामुळे आत पडलेल्याला धरायला काही सापडत नाही. फोटोसाठी काठावर उतरू नका, पोहणारा असला तरी.

धबधबा हवा असेल तर जुलै ते सप्टेंबर. दिवाळीनंतर धार आटत जाते, पण थर बघायला तेच दिवस बरे, कारण गवत वाळतं आणि कातळ उघडा पडतो. एप्रिल-मे मध्ये काळा दगड तव्यासारखा तापतो, तेव्हा नकोच. रबरी तळव्याचे बूट घाला, पण नाडीचे नकोत, चित्रांच्या लेण्यांत प्रत्येक वेळी काढावे लागतात. माणशी दोन लिटर पाणी घ्या. खाणं पिशवीत बंद ठेवा, नाहीतर वानरं ओढून नेतात.

व्ह्यू पॉइंटवरून पायवाटेनं थेट नदीपर्यंत उतरता येतं. निम्मे लोक उतरवा आणि ड्रायव्हरला गाडी घेऊन फर्दापूर फाट्यावर पाठवा. गुडघे दुखत असतील तर उतरू नका, आणि पावसात ती वाट निसरडी असते, तेव्हा कोणीच नको. एसटीनं जाणाऱ्यांना हा बेत जमणार नाही हेही आधीच सांगायला हवं होतं. जळगावची एसटी फाट्यावर सोडते, व्ह्यू पॉइंट बाजूला राहतो. त्यांनी आधी सातकुंडापर्यंत चालावं, लेणी नंतर बघावीत.

फाट्यावर स्फटिक विकणारे मागे लागतील. घ्यायचेच तर पांढरे घ्या, भडक जांभळे-हिरवे बहुतेक रंगवलेले असतात. साडूभाऊंनी जांभळाच घेतला होता.