दार सरकवले की भिंत का तुटते?

प्रश्न : गावच्या जुन्या घराची दुरुस्ती काढायची असल्याने त्याचा नकाशा मी इंकस्केप या संगणकावर आकृत्या काढण्याच्या प्रणालीत १:५० या प्रमाणात काढत आहे. प्रत्येक भिंत दोन समांतर रेघांनी काढून दाराच्या जागी त्या रेघा तोडतो. परंतु घरात चर्चा होऊन दार हातभर सरकवायचे ठरले, की सगळ्या रेघा पुन्हा जोडाव्या लागतात आणि कोपरेही जुळत नाहीत. शिवाय मोजून काढलेल्या आकृतीचे मापही थोडे जास्तच दिसते. उपाय सुचवावा. – एक वाचक, चिपळूण

उत्तर : आपण रेघा फार लवकर तोडत आहात. दारांच्या जागा पक्क्या होईपर्यंत भिंत अखंडच राहू द्यावी, आणि ती दोन रेघांनी न काढता तिच्या मध्यरेषेवर एकच जाड रेघ ओढावी. आपल्या प्रमाणात नऊ इंची, म्हणजे २३० मिलिमीटरची भिंत कागदावर ४.६ मिलिमीटर जाड येते आणि साडेचार इंची भिंत २.३ मिलिमीटर. अर्थात जुन्या घरात ही ठरावीक मापे गृहीत धरू नयेत. दाराच्या चौकटीपाशी भिंतीची जाडी उघडी दिसते, तिथे गिलाव्यासह टेप लावून पाहावी. बाहेरच्या भिंती चार सुट्या तुकड्यांत न काढता एकाच बंद आकृतीत काढाव्यात व रेघांची जोडणी ‘मायटर’, म्हणजे टोकदार कोपऱ्याची, ठेवावी, म्हणजे कोपरे आपोआप भरून येतात.

मध्यरेषेवर काम करताना एक हिशेब मात्र सांभाळावा लागतो. खोली आतून ३००० मिलिमीटर हवी असेल आणि दोन्ही बाजूंना नऊ इंची भिंती असतील, तर मध्यरेषांमधील अंतर ३२३०, म्हणजे कागदावर ६४.६ मिलिमीटर धरावे. अशी बंद आकृती निवडली, की वरच्या पट्टीत रुंदी ६९.२ दिसते, कारण इंकस्केप एरवी रेघेची जाडीही आकृतीच्या मापात मिळवते. आपल्याला जाणवलेला फरकही बहुधा याच कारणाने पडत असावा. ‘प्रेफरन्सेस’मधील ‘टूल्स’ या भागात ‘व्हिज्युअल’ऐवजी ‘जिऑमेट्रिक’ बाउंडिंग बॉक्स (आकृतीभोवतीची मापाची चौकट) निवडला, की मध्यरेषेचे माप दिसू लागते. घराचे बाहेरून बाहेर माप हवे असेल तेव्हा मात्र ‘व्हिज्युअल’ हाच पर्याय सोयीचा.

दारे व खिडक्या भिंतीच्या वरच्या, स्वतंत्र लेयरवर (थरावर) असाव्यात. जिथे दार येईल तिथे दाराच्या रुंदीचा, परंतु भिंतीच्या जाडीहून किंचित मोठा, कडा नसलेला पांढरा चौकोन ठेवावा. काहींना ही लबाडी वाटते. माझ्या मते चर्चेच्या टप्प्यावर हीच योग्य रीत आहे, कारण चौकोन सरकवला की दार सरकते आणि भिंतीला धक्का लागत नाही. ९०० मिलिमीटरच्या दारासाठी १८ मिलिमीटर लांबीची बारीक झडप आणि तेवढ्याच त्रिज्येचा पाव वर्तुळाचा कंस काढून, चौकोनासह तिन्हींचा गट करावा. गटावर दुसऱ्यांदा क्लिक केल्यावर मध्यभागी दिसणारे फिरण्याच्या केंद्राचे चिन्ह बिजागरीपाशी ओढून ठेवले, की दार खऱ्यासारखे फिरवता येते. ‘एच’ व ‘व्ही’ या कळांनी ते डावे-उजवे किंवा वर-खाली उलटते. दुहेरी झडपांच्या दाराला अर्थातच निम्म्या त्रिज्येचे दोन कंस लागतील.

खिडकीच्या जागी भिंतीच्या दोन्ही कडा बारीक रेघांनी तशाच दाखवून मध्ये तावदानाची रेघ ओढावी, कारण नकाशा म्हणजे जमिनीपासून साधारण १.२ मीटर उंचीवर घेतलेला आडवा छेद असतो आणि खिडकीखालची भिंत त्यात वरून दिसते. न्हाणीघराचा उंचावरचा झरोका या छेदाच्या वर राहत असल्याने तो तुटक रेघांनी दाखवतात.

सगळे ठरल्यावर फाइलची प्रत करावी आणि तोडातोड त्या प्रतीतच करावी. भिंतींचा आतला रंग आधी ‘नन’ (रंगच नाही असा) करावा, नाहीतर पुढच्या पायरीत रंग आणि कड असे दोन तुकडे होतात. मग ‘स्ट्रोक टू पाथ’ने जाड रेघेची आकृती करून ‘युनियन’ने सर्व भिंती एक कराव्यात. पांढरे चौकोन गटांतून सोडवून त्यांचेही युनियन करावे आणि ते भिंतींच्या वर असताना ‘डिफरन्स’ द्यावा, म्हणजे तेवढा भाग भिंतींतून कापला जातो. भिंतींना आता फिकट रंग व बारीक कड दिली, की आपल्याला हव्या असलेल्या दोन समांतर रेघा दारापाशी नेटक्या बंद झालेल्या दिसतील. छापताना ‘फिट टू पेज’ टाळून १०० टक्के आकार निवडावा, अन्यथा गवंडी पट्टी लावून मोजेल तेव्हा १:५० हे प्रमाण जुळणार नाही.