निपाणी भागात तंबाखूचा शेंडा खुडला की पानांच्या बगलेतून फुटवे का येतात?

शेंड्यातील कोवळ्या पानांत तयार होऊन खोडातून खाली वाहणारे ऑक्सिन हे संप्रेरक बगलेतील डोळ्यांना सुप्त ठेवते आणि खुडणीने त्याचा पुरवठाच तुटतो, म्हणून फुटवे येतात. थिमन व स्कूग या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये शेंडा कापलेल्या बाकल्याच्या खोडावर ऑक्सिन लावले, तेव्हा डोळे दबलेलेच राहिले; इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो. मात्र ऑक्सिन स्वतः डोळ्यात शिरत नाही. ते खोडातील सायटोकायनिनची, म्हणजे डोळ्यांना वाढीस लावणाऱ्या संप्रेरकाची, निर्मिती रोखते, शिवाय शेंड्याकडे जाणारी साखरही खुडणीनंतर डोळ्यांकडे वळते आणि त्यांना जागे करते. तंबाखूच्या एकाच बगलेत एकाहून अधिक डोळे असल्याने पहिला फुटवा मोडल्यावर तिथूनच दुसरा निघतो.